रिफ्ट व्हॅली तापाचे निदान: पशुवैद्यकीय प्रयोगशाळांची प्रावीण्य चाचणी कशी घ्यावी

केनियातील नैवाशा सरोवराच्या परिसरात १९३० साली मेंढ्या मोठ्या संख्येने गाभडू लागल्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे एक-दोन दिवसांत दगावू लागली. त्या साथीचा अभ्यास करून डॉबनी, हडसन आणि गार्नहॅम यांनी १९३१ साली रिफ्ट व्हॅली तापाच्या विषाणूचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. डासांमार्फत पसरणारा हा रोग मेंढ्या, शेळ्या, गुरे आणि उंट यांना होतो, आणि आजारी जनावराचे रक्त किंवा गाभडलेला गर्भ हाताळणाऱ्या माणसालाही त्याची लागण होते. १९७७ साली तो इजिप्तमध्ये पोहोचला आणि २००० साली सौदी अरेबिया व येमेन येथे, म्हणजे आफ्रिका खंडाबाहेर, प्रथमच त्याची साथ आली. त्यानंतर सौदी अरेबियाने सोमालिया आणि शेजारच्या प्रदेशातून होणारी जनावरांची आयात अनेक वर्षे बंद ठेवली. ज्या कुटुंबांची सगळी रोकड हजच्या हंगामातील मेंढ्यांच्या विक्रीतून येते, त्यांच्या दृष्टीने प्रयोगशाळेने दिलेल्या ‘होकारात्मक’ या एका शब्दाची किंमत किती असते, हे यावरून लक्षात यावे. ‘नकारात्मक’ हा शब्द चुकीचा निघाला तर त्याची किंमत खाटीक, गुराखी आणि पशुवैद्य यांना मोजावी लागते.

या रोगाच्या निदानात एक विशेष अडचण आहे. एडिस प्रजातीच्या काही डासांची अंडी विषाणूसह कोरड्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, अतिवृष्टीने सखल भागात पाणी साचले की ती उबतात, आणि मग क्युलेक्स डास रोगाचा प्रसार वाढवतात. त्यामुळे पूर्व आफ्रिकेत १९९७-९८ च्या मोठ्या साथीनंतरची मोठी साथ थेट २००६-०७ मध्ये आली. मधल्या नऊ वर्षांत प्रयोगशाळेतील माणसे बदलली, किट बदलले, यंत्रे जुनी झाली, आणि खरा होकारात्मक नमुना कसा दिसतो हे पाहिलेले फार थोडे लोक उरले. साथ नसताना हात आणि नजर तयार ठेवण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे प्रावीण्य चाचणी, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने सांकेतिक क्रमांक घालून अनेक प्रयोगशाळांना पाठवणे आणि त्यांची उत्तरे पडताळून पाहणे. भूमध्य समुद्र आणि काळा समुद्र यांच्या परिसरातील १७ पशुवैद्यकीय प्रयोगशाळांची अशी चाचणी झाली असून तिचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने अशी चाचणी आयोजित करणाऱ्या राष्ट्रीय किंवा संदर्भ प्रयोगशाळेसाठी आहे. मात्र चाचणीत भाग घेणाऱ्यांनीही ते वाचावे, कारण नमुने कसे निवडले जातात हे कळले की आपल्या चुकांचा अर्थ लावणे सोपे जाते.

आधी प्रश्न ठरवा

प्रावीण्य चाचणीत किटची परीक्षा घ्यायची नसते. किटची संवेदनशीलता (खरे होकारात्मक नमुने ओळखण्याची क्षमता) आणि विशिष्टता (खरे नकारात्मक नमुने ओळखण्याची क्षमता) ठरवणे हे स्वतंत्र काम आहे. त्यासाठी शेकडो नमुने लागतात आणि ते उत्पादकाने व संदर्भ प्रयोगशाळेने आधीच केलेले असावे लागते. येथे आपण पाहतो ते एवढेच, की अमुक प्रयोगशाळेत, तेथील नेहमीच्या माणसाने, तेथील यंत्रावर, तेथील पाण्याने आणि पिपेटने केलेल्या तपासणीतून बरोबर उत्तर बाहेर पडते की नाही. या साखळीत नमुना स्वीकारणे, नोंदवहीत क्रमांक लिहिणे, तपासणी करणे, निकाल वाचणे आणि अहवाल टंकित करणे या सगळ्या गोष्टी येतात. चुका बहुधा पिपेटच्या टोकाशी होतात असे आपण गृहीत धरतो. पण नोंदवहीतील चूकही तेवढीच घातक असते आणि ती कोणत्याही नियंत्रण नमुन्याने, म्हणजे तपासणीसोबत चालवलेल्या ठाऊक उत्तराच्या नमुन्याने, पकडली जात नाही.

त्यानंतर रोगाच्या कालक्रमाचा विचार करावा. संसर्गानंतर पहिल्या काही दिवसांत, तापाच्या काळात, रक्तात विषाणू भरपूर असतो आणि आरटी-पीसीआर तपासणीत त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय पदार्थ, सापडतो. हा काळ साधारण आठवडाभराचा असतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने सुरुवातीला तयार केलेली प्रथिने) दिसू लागतात आणि बहुतेक जनावरांत काही आठवड्यांनी, फार तर काही महिन्यांनी, ती ओसरतात. आयजीजी प्रतिपिंडे त्यामागोमाग येतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. म्हणजे केवळ पीसीआर करणारी प्रयोगशाळा साथीचा पहिला आठवडा पाहू शकते, केवळ आयजीजी पाहणाऱ्या प्रयोगशाळेला रोग आता आहे की पाच वर्षांपूर्वी येऊन गेला हे सांगता येत नाही, आणि ‘अलीकडेच’ हा शब्द उच्चारण्यासाठी आयजीएम लागते. म्हणून आरएनएसाठी एक आणि प्रतिपिंडांसाठी एक असे दोन स्वतंत्र पॅनेल, म्हणजे नमुन्यांचे संच, तयार करावेत. एखादी प्रयोगशाळा दोन्हीपैकी एकच तपासणी करत असेल तर तिला तेवढाच पॅनेल द्यावा, मात्र तिच्या अहवालात ही मर्यादा स्पष्ट नोंदवावी.

पॅनेलची रचना

संपूर्ण चाचणीचे यश येथे ठरते, म्हणून या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. पाच ठसठशीत होकारात्मक आणि पाच स्वच्छ नकारात्मक नमुने पाठवले की बहुतेक प्रयोगशाळा पैकीच्या पैकी गुण मिळवतात, सर्वांना प्रमाणपत्रे मिळतात आणि कोणालाही काहीही कळत नाही. माझ्या मते अशा चाचणीपेक्षा चाचणी न घेतलेली बरी, कारण तिच्यामुळे खोटा विश्वास निर्माण होतो. एवढ्या छोट्या पॅनेलचे गणितही कच्चे असते. १० पैकी १० उत्तरे बरोबर आली, तरी ९५ टक्के विश्वासपातळीवर त्या प्रयोगशाळेची खरी अचूकता किमान ६९ टक्के आहे एवढेच म्हणता येते. २० पैकी २० बरोबर आली तर ही खालची मर्यादा ८३ टक्क्यांवर जाते, आणि ती ९५ टक्क्यांपर्यंत न्यायची असेल तर ७२ नमुने लागतात आणि ते सगळेच्या सगळे बरोबर यावे लागतात. एका फेरीत ७२ नमुने पाठवणे कोणालाच परवडत नाही. म्हणून दरवर्षी एक याप्रमाणे सलग काही फेऱ्या घेऊन त्यांचे निकाल एकत्र पाहावेत, आणि एकेका फेरीवरून मोठे दावे करू नयेत.

आरएनए पॅनेलसाठी १२ नमुने पुरेसे होतात. त्यांपैकी आठ होकारात्मक ठेवावेत. एकाच विषाणूची दहापट-दहापट विरलीकरणाने तयार केलेली चार पातळ्यांची मालिका हा त्यांचा कणा असतो. प्रत्येक दहापट विरलीकरणाला सीटी मूल्य (विषाणू सापडेपर्यंत पीसीआरला लागलेली आवर्तने) सुमारे ३.३ ने वाढले पाहिजे, आणि ते तसे वाढत नसेल तर दोष आरएनए वेगळा काढण्याच्या पायरीत किंवा अभिक्रियेच्या कार्यक्षमतेत आहे हे लगेच कळते. यांतील सर्वांत क्षीण पातळी दोनदा, वेगवेगळ्या क्रमांकाने, घालावी. एक नमुना भौगोलिकदृष्ट्या दूरच्या, वेगळ्या वंशशाखेच्या विषाणूचा असावा. एक नमुना गुरांच्या, पण रक्ताने लालसर झालेल्या रक्तजलातला (सीरममधला) असावा, कारण प्रत्यक्षात खेड्यातून, उन्हातून, मोटारसायकलीच्या डिकीतून येणारे नमुने तसेच असतात आणि रक्तातील घटक पीसीआरमध्ये अडथळा आणतात.

आठवा नमुना ‘क्लोन १३’ या लशीच्या विषाणूचा ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. या विषाणूच्या एनएसएस जनुकाचा मोठा भाग मुळातच गळालेला आहे. एखाद्या प्रयोगशाळेची पीसीआर नेमकी त्या गळालेल्या भागावर बेतलेली असेल, तर बाकी सगळे नमुने तिला सापडतील आणि हा एक सापडणार नाही. ही चूक मानायची की नाही, हे उद्देशावर अवलंबून आहे. मात्र आपली तपासणी जनुकाच्या कोणत्या भागाकडे पाहते हे प्रयोगशाळेला ठाऊकच नसेल, तर ते उघड होणे गरजेचे असते.

उरलेल्या चार नकारात्मक नमुन्यांपैकी दोन निरोगी जनावरांचे असावेत आणि एकात गर्भपात घडवणारा दुसरा विषाणू असावा. आफ्रिकेत नैरोबी मेंढी रोगाचा विषाणू यासाठी योग्य ठरतो. तो गोचिडांमार्फत पसरतो, आणि भारतात सापडणारा गंजाम विषाणू हा त्याचाच प्रकार आहे. चौथा नकारात्मक नमुना क्रमाने सर्वांत तीव्र होकारात्मक नमुन्याच्या लगेच पुढे येईल अशी आखणी करावी. टेबलावर किंवा यंत्रात एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात जात असेल, तर तो येथे पकडला जातो.

प्रतिपिंडांच्या पॅनेलमध्ये १६ रक्तजल नमुने ठेवावेत, १० होकारात्मक आणि ६ नकारात्मक. होकारात्मकांपैकी तीन तीव्र आयजीजीचे, दोन क्षीण, एक त्यांतीलच एका क्षीण नमुन्याची पुनरावृत्ती, दोन संसर्गानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातील म्हणजे आयजीएम आणि आयजीजी दोन्ही असलेले, एक अगदी सुरुवातीचा फक्त आयजीएम असलेला, आणि एक लसीकरण झालेल्या जनावराचा. शेवटच्या नमुन्याचा हेतू वेगळा आहे. प्रचलित एलायझा चाचण्या (प्लेटवरील रंगबदलातून प्रतिपिंडे शोधणाऱ्या) लशीमुळे आलेली प्रतिपिंडे आणि संसर्गामुळे आलेली प्रतिपिंडे यांत फरक करू शकत नाहीत; त्यामुळे येथे प्रयोगशाळेने काय सापडले एवढ्यावर न थांबता, लसीकरणाचा इतिहास विचारला का, हे पाहायचे असते. नकारात्मकांमध्ये मेंढी, शेळी, गाय आणि उंट यांचे प्रत्येकी एक रक्तजल असावे. पाचवे रक्ताने लालसर झालेले असावे आणि सहावे पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेगसदृश रोग) किंवा नीलजिव्हा (ब्लू टंग) रोगाची प्रतिपिंडे असलेले असावे. उंटाचा नमुना मुद्दाम घालावा, कारण मेंढीच्या प्रतिपिंडांना ओळखणारे अभिकर्मक वापरणारी चाचणी उंटाच्या बाबतीत काय करते, याचा अनेकांनी कधी विचारच केलेला नसतो.

सुरक्षितता

रिफ्ट व्हॅली तापाचा विषाणू हवेतील तुषारांवाटेही माणसाला बाधतो आणि प्रयोगशाळेतील संशोधकांना लागण झाल्याच्या नोंदी १९३० च्या दशकापासूनच्या आहेत. म्हणून जिवंत विषाणू असलेला एकही नमुना पॅनेलमध्ये जाता कामा नये. रक्तजल ५६ अंश सेल्सिअसला तापवणे ही सर्वत्र रुळलेली रीत आहे, पण या विषाणूच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नये. तो त्या तापमानालाही बराच काळ तग धरतो. गॅमा किरणोत्सर्ग हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. पद्धत कोणतीही वापरली तरी प्रत्येक तुकडीतील काही कुप्या पेशीसंवर्धनात लागोपाठ दोन-तीन वेळा वाढवून पाहाव्यात, आणि काहीही वाढत नाही याची लेखी नोंद झाल्याशिवाय खोके सील करू नये.

निष्क्रियीकरणाची पद्धत निवडताना एक तडजोड समोर येते. शुद्ध केलेला आरएनए पाठवला तर तो पूर्ण सुरक्षित असतो, पण मग केवळ पीसीआरच्या यंत्राची परीक्षा होते आणि आरएनए वेगळा काढण्याची पायरी, जिथे सर्वाधिक हानी होते, ती सुटून जाते. किरणोत्सर्गाने निष्क्रिय केलेला विषाणू रक्तजलात मिसळून पाठवला तर संपूर्ण पद्धत तपासली जाते. शक्य असेल तिथे दुसरा मार्ग स्वीकारावा. विषाणू उदासीनीकरण चाचणीला, म्हणजे प्रतिपिंडे विषाणूला निष्प्रभ करतात का हे पाहणाऱ्या चाचणीला, जिवंत विषाणू लागतो. ती उच्च जैवसुरक्षा असलेल्या मोजक्या प्रयोगशाळाच करतात आणि त्यांनी आपल्याजवळचा विषाणू वापरावा.

एकसारखेपणा आणि टिकाऊपणा

एका मोठ्या साठ्यातून शंभर कुप्या भरल्या म्हणजे त्या सारख्याच असतील असे नाही. तयार कुप्यांपैकी किमान १० यादृच्छिक पद्धतीने निवडून प्रत्येक दोनदा तपासावी. गुणात्मक निकालांसाठी सर्व उत्तरे जुळली पाहिजेत. संख्यात्मक मूल्यांसाठी आयएसओ १३५२८ या मानकाची कसोटी अशी आहे की कुप्यांमधील प्रमाण विचलन हे प्रावीण्य मूल्यमापनासाठी ठरवलेल्या प्रमाण विचलनाच्या ०.३ पटीपेक्षा अधिक नसावे. टिकाऊपणासाठी काही कुप्या ४, २५ आणि ३७ अंश सेल्सिअसला ठेवून पहिला, दुसरा आणि चौथा आठवडा संपल्यावर तपासाव्यात. खार्टूम किंवा जिबूतीच्या विमानतळावर खोके दोन दिवस अडकले तर ३७ अंश ही अतिशयोक्ती ठरत नाही. काही कुप्या आपल्याच शीतकपाटात ठेवून निकालांची अंतिम तारीख उलटल्यावर पुन्हा तपासाव्यात. नमुना आपल्याकडेच बिघडला असेल तर त्याचा दोष सहभागी प्रयोगशाळेच्या माथी मारता येत नाही.

पाठवणी

निष्क्रिय केलेले रक्तजल सामान्यतः जैविक पदार्थांच्या वाहतुकीच्या यूएन ३३७३ या वर्गात आणि पी६५० या वेष्टनसूचनेनुसार तिहेरी वेष्टनात पाठवले जाते: गळती न होणारी कुपी, तिच्याभोवती शोषक पदार्थासह गळती न होणारे दुसरे वेष्टन, आणि बाहेर मजबूत खोके. आयात परवाना मिळण्यास काही देशांत आठवडे लागतात, काहींत महिने. म्हणून परवाना हातात आल्याशिवाय पाठवणीची तारीख जाहीर करू नये, आणि सहभागी देशांच्या साप्ताहिक सुट्ट्या पाहून दिवस ठरवावा. युरोपात शनिवार-रविवारी कार्यालये बंद असतात, तर सुदान आणि इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवारी. दोन्हींचा विचार केला तर सोमवारी किंवा मंगळवारी पोहोचणारे खोके सर्वांत सुरक्षित. प्रत्येक खोक्यात तापमान नोंदवणारे छोटे उपकरण ठेवावे. शिवाय एक खोके त्याच कुरिअरने कुठेतरी पाठवून परत आपल्याकडे मागवावे आणि त्यातील नमुने स्वतः तपासावेत. या एका खोक्यामुळे पुढचे कित्येक वाद मिटतात.

सांकेतिक क्रमांक प्रत्येक प्रयोगशाळेसाठी वेगळे ठेवावेत. शेजारच्या देशातील मित्राला दूरध्वनी करून ‘तुझा सातवा काय आला?’ असे विचारण्याचा मोह मानवी आहे, आणि सर्वांचा सातवा नमुना एकच असेल तर तो मोह फळतो. तीव्र होकारात्मक नमुन्यापुढचा नकारात्मक नमुना ही जोडी मात्र प्रत्येक क्रमवारीत कायम ठेवावी.

सहभागींना द्यावयाच्या सूचना

सूचनापत्र त्या प्रयोगशाळेच्या कामकाजाच्या भाषेत असावे. मोरोक्को, मॉरिटानिया आणि सेनेगल येथे फ्रेंच, मोझांबिकमध्ये पोर्तुगीज आणि केनियात इंग्रजी अशी तयारी असावी लागते. नमुने नेहमीच्या नमुन्यांप्रमाणेच आणि ज्याची पाळी असेल त्या तंत्रज्ञानेच हाताळावेत असे स्पष्ट लिहावे. प्रयोगशाळाप्रमुख स्वतः कोट चढवून तीन वेळा तपासणी करू लागले, तर त्या निकालाचा साथीच्या काळात काहीही उपयोग नसतो.

निकालपत्रकात केवळ ‘होकारात्मक’ आणि ‘नकारात्मक’ यांचे रकाने ठेवू नयेत. किटचे नाव, तुकडी क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, यंत्राचे शेवटचे अंशशोधन, प्रत्येक नमुन्याचे मूळ प्रकाशशोषण किंवा सीटी मूल्य, नियंत्रण नमुन्यांची मूल्ये, नमुने मिळाल्याची आणि तपासणी पूर्ण झाल्याची तारीख ही सर्व माहिती मागवावी. शेवटी दोन-तीन अर्थबोधाचे प्रश्न घालावेत: उदाहरणार्थ, एका कळपातील गाभडलेल्या पाच मेंढ्यांमध्ये पीसीआर नकारात्मक, आयजीएम होकारात्मक आणि आयजीजी होकारात्मक आहे, तर तुम्ही पशुसंवर्धन विभागाला काय कळवाल? योग्य उत्तर हे की, लसीकरणाचा इतिहास तपासून, नसल्यास अलीकडील संसर्ग मानून तातडीने कळवावे आणि नव्याने ताप आलेल्या जनावरांचे नमुने मागवावेत. ‘पीसीआर नकारात्मक असल्याने रोग नाही’ असे उत्तर देणाऱ्या प्रयोगशाळेचे बाकी सगळे नमुने बरोबर आले असले तरी तिला प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज आहे.

निकालांचे विश्लेषण

एकूण टक्केवारी फसवी असते. वरील १६ नमुन्यांच्या पॅनेलमध्ये सगळेच नमुने होकारात्मक सांगणाऱ्या प्रयोगशाळेची १० उत्तरे बरोबर येतात, म्हणजे ६२.५ टक्के गुण. म्हणून योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारा कोहेनचा कप्पा हा निर्देशांक काढावा. समजा, एका प्रयोगशाळेने १० पैकी ८ होकारात्मक ओळखले आणि सहाही नकारात्मक बरोबर सांगितले. प्रत्यक्ष जुळणी १६ पैकी १४, म्हणजे ०.८७५. योगायोगाने अपेक्षित जुळणी अशी काढावी: होकारात्मकांसाठी १०/१६ गुणिले ८/१६ म्हणजे ०.३१२५, नकारात्मकांसाठी ६/१६ गुणिले ८/१६ म्हणजे ०.१८७५, बेरीज ०.५. मग कप्पा म्हणजे (०.८७५ – ०.५) भागिले (१ – ०.५), म्हणजे ०.७५. सगळ्यांना होकारात्मक म्हणणाऱ्या प्रयोगशाळेचा कप्पा शून्य येतो. संवेदनशीलता आणि विशिष्टता वेगवेगळ्या मांडाव्यात, कारण व्यापाराच्या दृष्टीने खोटा होकार आणि साथीच्या दृष्टीने खोटा नकार यांचे परिणाम सारखे नसतात.

ओळखमर्यादेजवळच्या क्षीण नमुन्यावर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवू नये. ओळखमर्यादेची व्याख्याच अशी असते की त्या पातळीला उत्तम पद्धतीही वीसातून एकदा चुकते. असा नमुना शिकण्यासाठी ठेवावा, गुणांसाठी नाही. त्याचप्रमाणे दोन प्रयोगशाळांची सीटी मूल्ये एकमेकांशी थेट तुलनू नयेत. यंत्र, प्रायमर आणि उंबरठा वेगळा असला की तीच कुपी एकीकडे २८ आणि दुसरीकडे ३१ दाखवू शकते. तुलना करायची असेल तर प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या प्रमाण वक्रावरून काढलेल्या प्रतींच्या संख्येची करावी. अशा संख्यात्मक मूल्यांसाठी झेड गुणांक (ठरवलेल्या मूल्यापासूनचे अंतर, प्रमाण विचलनाच्या पटीत) वापरता येतो: निरपेक्ष मूल्य २ पर्यंत समाधानकारक, २ ते ३ शंकास्पद, आणि ३ किंवा अधिक असल्यास कारवाई आवश्यक.

खरे काम त्यानंतर सुरू होते. किती चुकले यापेक्षा कसे चुकले याकडे लक्ष द्यावे. लागोपाठचे दोन नमुने नेमके उलटसुलट आले असतील तर ती नोंदणीतील अदलाबदल असते. विरलीकरण मालिकेतील क्षीण पातळ्या एकामागून एक हरवत गेल्या असतील तर आरएनए काढण्याची पद्धत किंवा किटची साठवण तपासावी; इथेनॉल (अल्कोहोल) नीट उडून न जाता स्तंभात उरणे हेही एक नेहमीचे कारण आहे. तीव्र नमुन्याशेजारचा नकारात्मक नमुना होकारात्मक आला असेल तर नमुन्यांची सरमिसळ टेबलावर होते आहे. फक्त लालसर नमुने बिघडले असतील तर अंतर्गत नियंत्रण वापरले होते का ते विचारावे, कारण त्याशिवाय ‘विषाणू नाही’ आणि ‘अभिक्रियाच झाली नाही’ यांतील फरक कळत नाही. एलायझामध्ये सर्व मूल्ये एकाच दिशेने सरकलेली असतील तर प्लेट धुण्याचे यंत्र, उबवणीचे तापमान किंवा मुदत उलटलेले अभिकर्मक हे पहिले संशयित. क्षीण नमुना आणि त्याची पुनरावृत्ती यांची उत्तरे वेगळी आली, तर प्रयोगशाळेला स्वतःच्या निकालाची पुनरावृत्ती साधत नाही, मग तिचे एकूण गुण कितीही असोत.

अहवाल आणि पुढील पावले

प्रत्येक प्रयोगशाळेला तिचा स्वतंत्र अहवाल गोपनीयपणे द्यावा, आणि सर्वांच्या एकत्रित अहवालात प्रयोगशाळांची नावे न घालता केवळ संकेत वापरावेत. राष्ट्रीय पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना काय कळवायचे, हे चाचणी सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावे. नंतर ठरवू म्हटले की दबाव येतो. अयशस्वी प्रयोगशाळेला शिक्षा झाली तर पुढच्या वर्षी ती भाग घेत नाही किंवा शेजाऱ्याला दूरध्वनी करते. म्हणून अहवालासोबत संभाव्य कारण, सुधारणेची कृती आणि उरलेल्या कुप्यांचा संच पाठवावा, म्हणजे तिला दुरुस्ती करून स्वतःच पडताळून पाहता येईल.

हा रोग भारतात विदेशी मानला जातो. मात्र आखाती देशांशी असलेला जनावरांचा आणि माणसांचा संपर्क पाहता पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागासारख्या प्रयोगशाळांना त्याची ओळख असणे उपयुक्तच आहे. शिवाय हीच रचना आपल्याकडील रोगांना थोड्या बदलाने लागू पडते. डुकरांमधील जपानी मेंदूज्वराच्या पॅनेलमध्ये वेस्ट नाइल विषाणूची प्रतिपिंडे असलेले रक्तजल घालावेच लागते, कारण भारतात दोन्ही विषाणू आढळतात आणि त्यांची प्रतिपिंडे एलायझामध्ये एकमेकांच्या नावाने वावरतात. निर्णय शेवटी उदासीनीकरण चाचणीने करावा लागतो. लंपी चर्मरोग माश्या, गोचीड आणि डास यांच्यामार्फत यांत्रिक पद्धतीने पसरतो. २०२२ च्या साथीत महाराष्ट्रात गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली, त्यामुळे लंपीच्या पॅनेलमध्ये शेळीदेवी विषाणूचा नमुना असलाच पाहिजे; संपूर्ण कॅप्रिपॉक्स गटाला ओळखणारी पीसीआर या दोन विषाणूंत फरक करत नाही. अशी चाचणी कोणी आयोजित करणार असेल तर प्रावीण्य चाचणी आयोजकांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०४३ या मानकानुसार एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता घेण्याचा विचार करावा, आणि भाग घेणाऱ्या प्रयोगशाळांनी सहभागाच्या नोंदी जपून ठेवाव्यात, कारण प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाअंतर्गत मूल्यांकनाच्या वेळी त्या मागितल्या जातात.

पुढील फेरीचे पॅनेल नव्याने तयार करावे. जुन्या कुप्या पुन्हा वापरू नयेत, कारण त्यांची उत्तरे आता सर्वांच्या वहीत असतात. अपवाद एकच ठेवावा: ज्या नमुन्यावर सर्वाधिक प्रयोगशाळा चुकल्या, तो नव्या क्रमांकाने, वेगळ्या जागी, पुन्हा घालावा.